गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या नऊ नंबरला: खेळत राहू की कोचिंगला लागू?

प्रश्नाचा गाभा असा: वय 28. कोल्हापुरात पेठेच्या फुटबॉल संघाकडून शाळकरी वयापासून फॉरवर्ड, नऊ नंबर, म्हणजे सगळ्यात पुढचा गोल मारणारा. मधले दोन मोसम मुंबईत एका कंपनीच्या संघात कॉन्ट्रॅक्टवर. गेल्या वर्षी गुडघ्याच्या एसीएलचं (आतल्या मुख्य अस्थिबंधाचं) ऑपरेशन. आता डॉक्टर म्हणतात, हळूहळू सुरू कर. घरचे म्हणतात, झालं एवढं पुरे. तालमीतली मंडळी म्हणतात, कोचिंगला लाग. आणि त्यांच्यातलेच काही म्हणतात की गोल मारणाऱ्याला शिकवता येत नसतं, शिकवावं स्टॉपरनं (मधल्या बचावपटूनं) नाहीतर हाफनं (मधल्या फळीतल्यानं). तर 'सर, डी लायसन्सला (कोचिंगच्या सुरुवातीच्या परवान्याला) नाव देऊ की अजून दोन वर्षं खेळू?'

सर म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. मीही नऊ नंबरच खेळायचो, फार वरच्या पातळीवर नाही. त्यानंतरचा बहुतेक काळ मुलांच्या संघांना आणि अधूनमधून सीनियर संघांना शिकवण्यात गेलाय. त्यामुळे खालच्या लिखाणात स्ट्रायकरच्या बाजूनं थोडा पक्षपात असणार, तो धरून चाल.

खेळणं आणि शिकवणं यांतलं एकच निवड, असं तुला कोणी सांगितलेलं नाही. ते तू स्वतःच ठरवून बसलायस. दोन्ही काही वर्षं बरोबर चालतात, चालायलाच हवीत. तुझा खरा पेच वेगळा आहे. गोल करताना तू जे करतोस ते तुला दुसऱ्याला तोंडानं सांगता येतं का? आणि ते सांगायला शिकेपर्यंतची चार-पाच वर्षं घर कशावर चालणार? लायसन्सचा फॉर्म भरणं ही यातली सगळ्यात सोपी गोष्ट.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. तुझा गुडघा मी पाहिलेला नाही, घरात कमावणारं दुसरं कोणी आहे का ते तू लिहिलेलं नाहीस, आणि मुंबईचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की मोडलं हेही कळलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे. गुडघ्याबद्दल एवढंच सांगतो की डॉक्टर 'सुरू कर' म्हणतात तेव्हा बहुधा सरळ धावण्याबद्दल बोलत असतात. आपलं काम सरळ धावण्याचं नाही. झपाट्यात थांबायचं, एका पायावर वळायचं, हेडर मारून एका पायावर उतरायचं. एसीएल जातो तो नेमका अशाच क्षणी. तेव्हा चांगल्या फिजिओकडून दोन्ही पायांची तुलना करून घे. एका पायावरची लांब उडी आणि मांडीची ताकद यांत ऑपरेशन झालेला पाय दुसऱ्याच्या निदान 90 टक्के भरावा, आणि ऑपरेशनपासून नऊ महिने व्हायच्या आत सामन्यात उतरू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. पेठेची मॅच आहे, स्टेडियम भरलंय, दहाच मिनिटं उतर, असं कोणी म्हणालं तर त्याला हे वाचून दाखव.

आता समज, गुडघा टिकला. तरी तू पूर्वीचा स्ट्रायकर राहणार नाहीस. हे वाईट वाटून घेण्यासारखं नाही, कारण तुझ्यातला शिक्षक इथूनच सुरू होऊ शकतो. फिलिपो इन्झागीचं उदाहरण घे. मिलानचा हा स्ट्रायकर ना वेगवान होता, ना ड्रिबलिंगचा बादशहा, ना लांबून फटके मारणारा. तरी मिलानसाठी त्यानं 300 सामन्यांत 126 गोल केले, आणि 2007 च्या अथेन्समधल्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये लिव्हरपूलविरुद्धचे दोन्ही गोल त्याचे होते. तेव्हा तो 33 वर्षांचा होता. त्यातला पहिला गोल पाहिलास तर हसू येईल: पिर्लोची फ्री किक त्याच्या अंगाला लागून आत गेली. दुसरा मात्र पुन्हा पुन्हा बघ. काकाच्या पायात चेंडू येतो, बचावाची फळी वर सरकत असते, आणि इन्झागी ऑफसाइडच्या रेषेवरून अचूक वेळी निघतो. पास सुटतो त्या क्षणी तो बरोबरीत आहे, पुढच्या क्षणी एकटा. त्या गोलात वेग किती आणि वेळ किती, ते तुझं तू ठरव.

हाच माणूस नोव्हेंबर 2010 मध्ये, 37 व्या वर्षी, सान सिरोवर रेआल माद्रिदला दोन गोल मारतो आणि आठवड्याभरात पालेर्मोविरुद्ध त्याचा एसीएल जातो. त्या वयात कोणीही थांबला असता. तो पुढच्या मे महिन्यात परत मैदानात आला. पण पुढचा मोसम कसा गेला तेही पाहा: चॅम्पियन्स लीगच्या यादीतून नाव वगळलं, लीगमध्ये मोजकीच मिनिटं. मे 2012 मध्ये नोव्हाराविरुद्ध शेवटच्या सामन्यात बदली म्हणून उतरून विजयी गोल मारला आणि थांबला. परत येता येतं, हे त्याच्याकडून घ्यायचं. परत आल्यावर जागा तशीच राखून ठेवलेली नसते, हेही त्याच्याकडूनच घ्यायचं.

आपल्याकडचं उदाहरण सुनील छेत्रीचं. जून 2024 मध्ये कुवेतविरुद्ध कोलकात्यात त्यानं आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला तेव्हा नावावर 94 गोल होते. पुढच्या मोसमात चाळिशीत आयएसएल या देशातल्या वरच्या लीगमध्ये 14 गोल करून तो पुन्हा भारताकडून खेळायला आला. त्याचे सुरुवातीच्या वर्षांतले आणि आताचे गोल शेजारी ठेवून बघ. आधी तो बचावपटूला धावून मागे टाकायचा. आता तो आधीच तिथे असतो. बंगळुरूत तर तो बराच काळ डावीकडून खेळला, मधली जागा परदेशी स्ट्रायकरला देऊन. 'मी नऊच खेळणार' असा हट्ट त्यानं धरला नाही. तूही या मोसमात प्रशिक्षकाला सांगून थोडा मागे, दहा नंबरच्या जागी खेळून पाहा. धावणं कमी होईल असं नाही, पण पाठीवर स्टॉपर घेऊन वळण्याचे प्रसंग कमी येतील आणि खेळ समोरून दिसायला लागेल.

हे समोरून दिसणं महत्त्वाचं का, ते आता.

तालमीतली मंडळी म्हणतात त्यात तथ्य आहे, पण कारण ते देतात ते नाही. 'स्ट्रायकर स्वार्थी असतो म्हणून कोच होत नाही' असं म्हणतात. स्वार्थी स्टॉपर मी कमी पाहिलेले नाहीत. कारण साधं आहे. गोलकीपरसमोर 21 खेळाडू असतात. स्टॉपरच्या नजरेसमोर वीस तरी. मधला हाफ दोन्हीकडे मान फिरवत असतो. आणि आपण? आपली पाठ अर्ध्या वेळा गोलकडे, आणि आपल्या मागं आपला स्वतःचा बचाव काय करतोय ते आपल्याला वर्षानुवर्षं माहीत नसतं. गोल खाल्ला की आपण कमरेवर हात ठेवून मधल्या वर्तुळात उभे. तो गोल कसा झाला ते नंतर ऐकून कळतं. म्हणजे दहा-पंधरा वर्षं खेळूनही अर्ध्या मैदानाचं शिक्षण राहून गेलेलं असतं.

दुसरं कारण याहून त्रासदायक आहे. बचाव शब्दांत सांगता येतो: इतकं अंतर ठेव, इकडून ढकल, कव्हर दे. गोल करणं हे बहुतेकांना सांगता येत नाही, कारण ते त्यांनी कधी शब्दांत शिकलेलंच नसतं. चांगल्या चांगल्या फॉरवर्डना मी विचारलंय की बाजूनं क्रॉस येताना तू निघतोस कधी. उत्तर ठरलेलं: 'कळतं आपोआप.' चौदा वर्षांच्या पोरासमोर 'कळतं आपोआप' म्हणून उभा राहिलास तर ते पोर मान डोलावेल आणि आधीसारखंच क्रॉसच्या आधी गोलसमोरच्या डीमध्ये जाऊन उभं राहील.

पण ते सांगता येतं. मी कसं सांगतो ते लिहितो, तुझी पद्धत वेगळी निघेल. विंगर क्रॉस मारण्याआधी मान खाली घालतो, चेंडूकडे बघतो. त्या क्षणी स्टॉपरची नजरही चेंडूवर चिकटते. निघायचं ते त्या क्षणी. त्याआधी निघालास तर स्टॉपर तुझ्याबरोबर येतो, नंतर निघालास तर चेंडू पुढं जातो. आणि पहिलं पाऊल चेंडूकडे टाकायचं नाही. आधी दोन पावलं लांब, स्टॉपरच्या पाठीमागं, जिथे तू आणि चेंडू दोन्ही त्याला एका नजरेत दिसत नाहीत. मग त्याच्या पुढून जवळच्या खांबाकडे. सरावात मी सुरुवातीला चेंडू मारूच देत नाही. पोरांना विंगरकडे बघायला लावतो आणि मान खाली गेली की मोठ्यानं 'आता' म्हणायला लावतो. पहिल्या आठवड्यात सगळे उशिरा ओरडतात. मग हळूहळू आवाज आणि मान एकत्र येतात. त्यानंतर पाय. चेंडू सगळ्यात शेवटी. पालक कुंपणापलीकडून विचारतात की पोरं नुसती ओरडतायत का म्हणून, तिकडं लक्ष द्यायचं नाही.

तुझी स्वतःची परीक्षा तू घरबसल्या घेऊ शकतोस. कोल्हापुरात आता जवळजवळ प्रत्येक मोठी मॅच कोणीतरी मोबाइलवर टिपतं. तुझे स्वतःचे काही गोल काढ. प्रत्येक गोलाच्या आधीची पाच सेकंदं बघ आणि तीन वाक्यांत लिही: काय दिसलं, काय ठरवलं, पहिलं पाऊल कुठं टाकलं. मग पेठेतल्या एखाद्या पोराला फक्त ती वाक्यं सांग, स्वतः करून दाखवायचं नाही. त्याला ते जमायला लागलं तर तुझ्यात शिक्षक आहे. नाही जमलं तर वाक्यं बदल, पोराला दोष देऊ नकोस. करून दाखवण्याचा मोह आपल्याला फार असतो, कारण त्यात टाळ्या मिळतात.

इन्झागीकडे परत जाऊ, कारण त्याची पुढची गोष्ट तुझ्या प्रश्नाला जास्त लागू पडते. खेळणं संपल्या संपल्या मिलाननं त्याला 17 वर्षांखालच्या मुलांचा संघ दिला, मग त्यांचा युवा संघ. तिथं त्यानं 2014 मध्ये व्हियारेज्जोची नावाजलेली युवा स्पर्धा जिंकली. आणि लगेच त्या उन्हाळ्यात त्याला थेट मुख्य संघ देऊन टाकला. मोसमाच्या शेवटी मिलान दहाव्या क्रमांकावर, आणि इन्झागी बाहेर. बहुतेक लोकांच्या लेखी त्याची कोचिंगची गोष्ट तिथंच संपते: बघा, गोल मारणारा, शिकवता आलं नाही.

ती तिथं संपत नाही. 2016 मध्ये तो इटलीच्या तिसऱ्या स्तरावरच्या व्हेनेत्सियाला गेला. चॅम्पियन्स लीग जिंकलेला, विश्वचषक विजेत्या संघातला माणूस तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. पहिल्याच मोसमात संघ वर चढवला, पुढच्या वर्षी दुसऱ्या स्तरावर प्ले-ऑफपर्यंत नेला. बोलोन्यात पुन्हा हकालपट्टी. मग बेनेव्हेन्तोला 2019-20 मध्ये दुसऱ्या स्तराचं विजेतेपद, सात सामने शिल्लक असतानाच; आणि पुढच्या वर्षी तोच संघ परत खाली. मधे आणखी तीन क्लब, त्यात दोन हकालपट्ट्या. मग 2024-25 मध्ये पिसा, आणि पिसा तीन दशकांहून जास्त काळानंतर पहिल्या स्तरावर. माझ्या मते तो वरच्या स्तरावर अजून सिद्ध झालेला नाही, पण खालच्या स्तरावर संघ बांधून वर कसा चढवायचा हे त्याला नक्की येतं. मिलाननं त्याला युवा संघासोबत आणखी तीन वर्षं ठेवलं असतं तर कदाचित चित्र वेगळं दिसलं असतं. नावावरून मोठी खुर्ची मिळणं हा माजी स्ट्रायकरचा सगळ्यात मोठा धोका आहे. आपली नावं लोकांच्या लक्षात असतात ना. राइट बॅकला कोणी निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मुख्य संघ देत नाही, म्हणून तो बिचारा शिकून येतो.

उलट बाजूला ॲलेक्स फर्ग्युसन. तो मँचेस्टर युनायटेडचा प्रशिक्षक म्हणून सगळ्यांना माहीत, पण तो मूळचा स्ट्रायकर, आणि चांगला: 1965-66 च्या मोसमात डनफर्मलिनसाठी 51 सामन्यांत 45 गोल. 1967 मध्ये रेंजर्सनं त्याला 65,000 पौंडांना घेतलं, लहानपणापासूनचा त्याचा क्लब. 1969 च्या स्कॉटिश कप फायनलमध्ये कॉर्नरला सेल्टिकच्या बिली मॅकनीलला धरायचं काम त्याच्याकडं होतं. दुसऱ्याच मिनिटाला मॅकनीलनं हेडर मारला, रेंजर्स 4-0 हरले, आणि फर्ग्युसनची तिथली कारकीर्द जवळपास तिथेच आटोपली. बघ, एवढ्या गोलांचा स्ट्रायकर गेला कशात, तर एका मार्किंगमध्ये.

पण त्याचं काय होतं, तो खेळत असतानाच कोचिंगचे कोर्स करत होता. फॉलकर्कला तो खेळाडू-प्रशिक्षक झाला. 1974 मध्ये, 32 व्या वर्षी, ईस्ट स्टर्लिंगशर नावाच्या अगदी तळाच्या क्लबचा मॅनेजर: अर्धवेळ काम, आठवड्याला 40 पौंड, आणि तो गेला तेव्हा संघात गोलकीपरच नव्हता. तिथून काही महिन्यांत सेंट मिरेन, मग 1978 मध्ये ॲबर्डीन, 1983 मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपियन कप विनर्स कप, आणि मग 1986 मध्ये मँचेस्टर. मधल्या काळात घर चालावं म्हणून ग्लासगोत त्याचा पब होता. हे मी मुद्दाम सांगतोय. तळाच्या क्लबमध्ये शिकणं आणि दुसरीकडून पैसे मिळवणं यांत कमीपणा नाही.

जर्मन स्ट्रायकर युप हाइन्केसचं थोडक्यात: बुंडेसलीगात 220 गोल, म्योंशनग्लाडबाखसाठी चार विजेतेपदं. थांबल्यावर आधी तिथले प्रशिक्षक उडो लाटेक यांचा सहाय्यक झाला, मग त्याच क्लबचा आठ वर्षं मुख्य प्रशिक्षक. त्या आठ वर्षांत एकही विजेतेपद नाही. पुढं 1998 मध्ये रेआल माद्रिदबरोबर आणि 2013 मध्ये बायर्नबरोबर चॅम्पियन्स लीग. 2013 मध्ये तो 68 वर्षांचा होता.

इथवरचं एका दमात: गुडघा मोजून घे, खेळण्याची जागा थोडी मागं सरकव, आणि शिकवायला खालून सुरुवात कर, खेळता खेळता. आता आपल्याकडचं बोलू, कारण इटली-स्कॉटलंडमधलं सगळं इथं लागू होत नाही.

भारतात फॉरवर्ड मंडळींनी कोच म्हणून नाव काढल्याची परंपरा जुनी आहे, आणि ती बंगालमधून येते. पी. के. बॅनर्जी 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध गोल मारणारे, 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्धच्या बरोबरीत गोल मारणारे कर्णधार. उजवीकडून खेळायचे, म्हणजे अगदी नऊ नंबर नव्हेत, पण गोल मारणारेच. ते जवळजवळ सगळी कारकीर्द ईस्टर्न रेल्वेकडून खेळले, ईस्ट बंगाल-मोहन बागानच्या पैशामागं गेले नाहीत. 1967 मध्ये दुखापतींमुळे थांबले. आणि मग प्रशिक्षक म्हणून त्याच दोन्ही क्लबांवर राज्य केलं: 1975 मध्ये त्यांच्या ईस्ट बंगालनं आयएफए शील्डच्या फायनलमध्ये मोहन बागानला 5-0 हरवलं, आणि दोनच वर्षांनी ते मोहन बागानला तीन मोठे करंडक जिंकून देत होते. त्यांचं ड्रेसिंग रूममधलं बोलणं इतकं गाजलं की लोक त्याला 'व्होकल टॉनिक' म्हणायचे. म्हणजे बघ, सांगता न येणाऱ्या जमातीतला हा माणूस, आणि त्याचं नाव झालं ते बोलण्यावरून.

त्यांच्या हाताखाली खेळलेला एक दांडगा फॉरवर्ड म्हणजे सुभाष भौमिक. 1970 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतल्या कांस्यपदक विजेत्या संघातले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी ईस्ट बंगालला 2003 मध्ये जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकून दिली; फायनलमध्ये थायलंडच्या बेक तेरो सासानाला 3-1. माइक ओकोरो, बायचुंग भुतिया आणि आपल्या गोव्याचा अल्विटो डिकुन्हा यांचे गोल. त्या मोहिमेत बायचुंगनं नऊ गोल मारले. एका जुन्या फॉरवर्डनं दुसऱ्या फॉरवर्डला कसं वापरावं याचा तो नमुना होता: बायचुंगला एकटं न ठेवता शेजारी ओकोरोसारखा ताकदवान जोडीदार दिला, म्हणजे धक्काबुक्की ओकोरोनं सोसायची आणि बायचुंगनं मोकळ्या जागा शोधायच्या.

आता या गोष्टीचा तुझ्यासाठीचा भाग. हेच भौमिक 2012-13 मध्ये चर्चिल ब्रदर्सबरोबर होते आणि गोव्याच्या त्या संघानं आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली वरची लीग, जिंकली. पण त्यांचं पद होतं टेक्निकल डायरेक्टर, कारण मुख्य प्रशिक्षकासाठी एएफसीचं (आशियाई फुटबॉल महासंघाचं) 'ए' लायसन्स लागायला लागलं होतं आणि ते त्यांच्याकडं नव्हतं. पुढं 2014 मध्ये मोहन बागानमध्ये याच कारणानं त्यांना जावं लागलं. त्यांच्या जागी लायसन्स असलेले संजय सेन आले, आणि त्याच मोसमात मोहन बागान आय-लीग विजेते झाले. आशियातली स्पर्धा जिंकून दिलेल्या माणसाला कागदासाठी बाजूला व्हावं लागलं, तर तुझी-माझी काय कथा. म्हणून डी लायसन्स कर, या प्रश्नावर माझ्या मनात काही वाद नाही. डीनंतर एएफसी सी, मग बी, ए आणि प्रो अशी चढण आहे, आणि प्रत्येक पायरीच्या मधे प्रत्यक्ष संघाला शिकवल्याचा अनुभव दाखवावा लागतो. त्यामुळे 33 व्या वर्षी एकदम सुरू करून घाई करता येत नाही. राज्यातले कोर्स विफा ही इथली फुटबॉल संघटना जाहीर करते. आणि सरकारी मार्गदर्शकाच्या जागांसाठी बहुधा एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा मागतात, तो वेगळा मार्ग आहे. जाहिरात नीट वाचल्याशिवाय एकाच कागदावर विसंबू नकोस.

एक उलट उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर वाटेल की मी सगळ्यांना हळू चालायला सांगतोय. खालिद जमील. स्ट्रायकर नव्हता, मधल्या फळीतला. मुंबईत महिंद्र युनायटेडसाठी खेळला, दुखापतींनी बेजार होता, आणि 2009 मध्ये खेळणं थांबवून लगेच मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. मधे काही नाही. पुढं 2016-17 मध्ये त्यानं आयझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि 2025 मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. पण मुंबई एफसीत तो कित्येक वर्षं टिकला, तुटपुंज्या साधनांत संघ लीगमध्ये राखत राहिला. त्याची उमेदवारी म्हणजे तीच वर्षं, फक्त मुख्य प्रशिक्षक म्हणून केलेली. तसा संयम असलेला आणि तशी वाट बघणारा क्लब तुला मिळाला तर माझं सगळं ऐकू नकोस.

पैशाचं. कंपनीच्या संघावर आयुष्य टांगून ठेवू नकोस, मग कंपनी कितीही मोठी असो. महिंद्र युनायटेडनं 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये संघ बंद झाला. पंजाबच्या जेसीटीनं 1996-97 ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती, तोही 2011 मध्ये बंद. विजेतेपदं असलेल्या संघांची ही गत. पुण्या-मुंबईत शाळा आणि अकॅडम्या डी किंवा सी लायसन्सवाल्याला घेतात, पण बहुतेक ठिकाणी तासावर, आणि सुट्टीत काम नाही म्हणजे पैसे नाहीत. म्हणून सकाळी शाळा, संध्याकाळी सराव आणि मधे एखादं स्थिर काम, असं काही वर्षं चालवावं लागतं. आवडणारं नाही, पण बहुतेकांनी असंच केलंय. घरच्यांना 'मी कोच होणार' असं मोघम न सांगता या वर्षी यातून किती येणार हा आकडा सांग. विरोध निम्मा होतो.

आणि कोल्हापूरबद्दल एक नाजूक गोष्ट. स्वतःच्या पेठेचा सीनियर संघ शिकवायला मिळत असेल तरी सध्या घेऊ नकोस. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस, किंवा दिलबहार आणि खंडोबा यांची मॅच असते तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येकाला संघ कसा लावायचा ते माहीत असतं, आणि हरलास तर दुसऱ्या दिवशी दूध आणायला जाणंही अवघड. ज्यांच्याबरोबर कालपर्यंत खेळलास त्यांना बाकावर बसवायची वेळ येईल, आणि त्यांच्या घरी तुझं जेवणखाण चालतं. हेच प्रेम खेळाडूला घडवतं आणि नवख्या कोचला संपवतं. तू मुलांचा संघ घे, शक्यतो दुसऱ्या पेठेतल्या शाळेचा. आपल्याकडं पोरांमध्ये काय आहे ते सिद्ध झालंय; कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढं जाऊन 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून फॉरवर्ड खेळला. तशी पोरं हेरायला कोणीतरी खाली, मुलांच्या मैदानावर उभं असावं लागतं.

तो संघ घेतलास की पहिलं वर्ष स्ट्रायकरना शिकवू नकोस. हो, बरोबर वाचलंस. तुझ्या अंगातलं तिथंच राहणार आहे, ते कुठं जात नाही. पहिलं वर्ष बचाव शिकव, म्हणजे तुलाच तो शिकावा लागेल. एखाद्या जुन्या स्टॉपरला चहा पाज आणि विचार की तुझ्यासारख्याला धरताना तो काय बघायचा. सामन्यात उभा राहशील तेव्हा पाय आपोआप समोरच्या गोलकडे ओढतील, सगळ्या माजी फॉरवर्डचे ओढतात. मुद्दाम आपल्या बचावाच्या बाजूला उभा राहा आणि चेंडू पुढं असताना मागचे चार जण काय करतायत ते बघ. सुरुवातीला कंटाळा येईल, कारण तिथं काही घडत नाही असं वाटतं. मग एक दिवस गोल व्हायच्या दहा सेकंद आधी तुला तो दिसायला लागेल.

या मोसमात तर असं कर: फिजिओची चाचणी पास झाल्याशिवाय नोंदणी करू नकोस; झालास तर खेळ, पण आठवड्यातले दोन दिवस मुलांसाठी राखून. डी लायसन्सचा पुढचा कोर्स जाहीर झाला की फॉर्म भर, आणि जाताना त्या तीन-तीन वाक्यांची वही बरोबर घे. तिथं तुला एखाद्या विषयावर छोटं सत्र घेऊन दाखवायला सांगतील. विषय निवडायला मिळाला तर फिनिशिंग सोडून काहीही निवड. मुंबईच्या कॉन्ट्रॅक्टचं नेमकं काय झालं ते कळव, त्यावर पैशाच्या भागाचं उत्तर थोडं बदलू शकतं.